दीड कमान

आमच्या वाट्याला दीड कमान आली होती. एक पूर्ण कमान हॉलमध्ये, अर्धी स्वयंपाकघरात, आणि उरलेली अर्धी भिंतीपलीकडे लाहोरच्या कुटुंबाकडे. अबुधाबीच्या खलिफा सिटीत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. बाहेरून एकच मोठा व्हिला दिसतो आणि आत जिप्समच्या भिंती घालून सहा बिऱ्हाडं बसवलेली असतात. आमचा व्हिला त्यातल्या त्यात दिमाखदार होता. लाल कौलं, जाड पांढऱ्या भिंती, खिडक्यांना काळ्या लोखंडी नक्षीच्या जाळ्या, आणि एका कोपऱ्यात कुणीही कधी चढत नसलेला मनोरा. पुण्याहून आलेले पाहुणे गेटपाशी आधी फोटो काढून घेत आणि मग आत येऊन विचारत की यातलं तुमचं नक्की कुठलं. नवरा त्यांना न्हाणीघरातला नळ दाखवून म्हणायचा, "हा आमचा."

मी शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर. पुण्यात साइटवर उन्हातान्हात उभी राहिलेली, इथे आल्यावर एका कन्सल्टंटकडे काही वर्षं नकाशे काढलेली. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. जरा मोठी झाली की पुन्हा जाईन, असं म्हणत राहिले आणि ते काही झालं नाही. त्याचा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर कायम बसलेला असे आणि जो समोर येईल त्याच्यावर निघे. नवरा बँकेत, त्याच्या वाट्याला तो सकाळ-संध्याकाळ यायचा.

आता एवढी शिकलेली बाई, पण त्या घरात आल्या आल्या मी काय केलं ते ऐका. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात भिंतीत एक खोल कोनाडा होता. वर छोटी कमान, खाली दगडी ओटा, कडेने निळ्या-पिवळ्या नक्षीच्या फरशा. घरमालकाने आयतं देवघर दिलं म्हणून आम्ही दोघं खूश. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, नवऱ्याच्या आईने दिलेला शंख, सगळं तिथे मांडलं. मुलगी तेव्हा बालवाडीत होती, ती म्हणाली, "आई, सांता कम्स फ्रॉम देअर." तिला आम्ही दोघांनी मिळून गप्प केलं. पन्नास डिग्रीच्या गावात कुणी घरात शेकोटी बांधेल हे माझ्या डोक्यात कशाला येईल! पण ती शेकोटीच होती. धुराडं वरपर्यंत गेलेलं, चक्क फायरप्लेस.

हे कळलं नवरात्रात. घट बसवले होते, नऊ दिवस दिवा, संध्याकाळी धूप. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी दार वाजलं. दारात घरमालकीणबाई. वरच्या मजल्यावर त्या मदतनीस बाईबरोबर राहायच्या, तेव्हा वयाने पासष्टीच्या आसपास, आणि तोवर आम्ही त्यांना फक्त गाडीत बसताना पाहिलेलं. सगळे भाडेकरू त्यांना अम्मा म्हणत. मुंबईच्या व्यापाऱ्यांमुळे लहानपणापासून हिंदी ऐकलेली, त्यामुळे त्यांची हिंदी आमच्यापेक्षा सफाईदार नसली तरी भरघोस होती. म्हणाल्या, "ये खुशबू किदर से आता?" मला वाटलं, तक्रार. मी मनातल्या मनात पदर खोचला. त्या सरळ आत आल्या, कोनाड्यापाशी वाकल्या, देव पाहिले, घट पाहिला, मग मान वर करून धुराड्याच्या काळोखात पाहिलं आणि हसत सुटल्या.

त्यांच्या झोपायच्या खोलीत, बरोबर वर, तसाच दुसरा कोनाडा होता. धुराडं एकच. आमचा धूप नेमाने त्यांच्या पलंगाशी पोचत होता. ती शेकोटी आयुष्यात एकदाच पेटली होती, अम्मांच्या नवऱ्याने हौसेने एका जानेवारीत लाकडं घातली, घरभर धूर झाला, आणि अम्मांनी त्याला पुन्हा काडी म्हणून लावू दिली नाही. देवांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. धुपात काय काय असतं तेवढं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून बखूरची डबी आली, अत्तरात मुरवलेले लाकडाचे तुकडे, आणि माझ्याकडून धुपाचा पुडा वर गेला. तेव्हापासून मी त्यांच्याकडे गहवा, म्हणजे वेलदोडा घातलेली अरबी कॉफी, प्यायला जाऊ लागले. मी इंजिनीअर आहे हे कळल्यावर त्यांनी मला मुहंदिसा म्हणायला सुरुवात केली. इंजिनीअर बाई. मला कुणी तसं म्हणून किती वर्षं झाली होती! मी वरवर संकोच दाखवला, पण आतून फार बरं वाटलं.

घराची कथा मला त्या गहव्यावर कळली. अम्मांचा नवरा तेल कंपनीत होता. कामासाठी दक्षिण स्पेनला गेला आणि तिथली घरं पाहून वेडा होऊन परत आला. मधे उघडा चौक, त्यात कारंजं, भोवती कमानी. हे आपल्याच अरब लोकांनी तिकडे नेलं होतं, म्हणाला, मी ते परत आणतोय. तेव्हा खलिफा सिटीत नुसती वाळू. फरशा जहाजाने आल्या, कौलं जहाजाने आली, लोखंडी जाळ्या करणारा एक म्हातारा कारागीरही तिकडूनच आला आणि उन्हाला कंटाळून अर्ध्यात पळाला. मला राहवलं नाही, मी म्हटलं की चौक आणि कारंजं ठीक, पण शेकोटी आणि मनोरा हे स्पेनमधलं कमी आणि अमेरिकन सिनेमातलं जास्त वाटतं. अम्मा म्हणाल्या, वो फिल्म बहुत देखता था.

पुढे तो गेला, मुलं आपापल्या घरी गेली. एवढ्या मोठ्या घरात अम्मा एकट्या. तेव्हा धाकट्या मुलाने घर कापून भाड्याने द्यायचं काढलं आणि त्यांनी लगेच हो म्हटलं. त्यांना घरात आवाज हवे होते. मुलांच्या रडण्याचे, कुकरच्या शिट्यांचे, कशाचेही.

मग नियम कडक झाले. असे कापलेले व्हिला पुन्हा एकसंध करा, नाहीतर रिकामे करा. सहाही बिऱ्हाडांना शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत मिळाली. आम्ही जाणार हे नक्कीच होतं, त्यात वादाला जागा नव्हती. माझी मुलगी बारावीला होती, तिची बोर्डाची परीक्षा तिथे होऊन जाईल एवढंच आम्ही पाहिलं. पण एका सकाळी अम्मांचा धाकटा मुलगा एका इंजिनीअरला घेऊन आला. अदबीने बोलणारा मुलगा, बूट दाराबाहेर काढणारा. इंजिनीअर मात्र बूट घालून माझ्या स्वयंपाकघरात शिरला.

चौकाभोवती आठ खांब होते, पांढरे, पिळाचे, कडबोळ्यासारखे. त्यावर आठ कमानी आणि कमानींवर वरच्या मजल्याची गॅलरी. भिंती घालताना कंत्राटदाराने बहुतेक खांब जिप्समच्या पेट्यांत बंद केले होते. आमच्या पूर्ण आणि अर्ध्या कमानीच्या मधली पेटी स्वयंपाकघरात होती आणि तिच्यातून सिंकचा पाइप जात होता. इंजिनीअरने पेटीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला. खालची झडप उघडून बॅटरी मारली, पाइप दिसला, आणि साहेबांचा निकाल तयार. पाइपसाठी खांब कापला आहे, बाकीच्यांचंही तेच केलं असणार, वरची गॅलरी कशीबशी तग धरून आहे, घर पाडा आणि नवीन बांधा. नवीन कोण बांधणार हे त्याने सांगितलं नाही, पण ते मला न सांगताच समजलं.

अम्मा दारात उभ्या होत्या. मुलगा त्यांना समजावत होता की दोन-तीन वर्षं दुबईला माझ्याकडे राहा, उंचावरचा फ्लॅट आहे, समुद्र दिसतो, मग नव्या घरात या. त्या वयात दोन-तीन वर्षं म्हणजे काय हे त्यांना समजत होतं आणि त्यालाही समजत असावं, कारण तो जमिनीकडे पाहून बोलत होता. ते सगळे गेल्यावर अम्मा माझ्या डायनिंगच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मेरा घर गिरा हुआ है क्या, मुहंदिसा? सच बोलो."

माझं डोकंच फिरलं. अहो, खांब कापला असता तर एवढ्या वर्षांत कमानीला एक तडा तरी गेला असता की नाही? वरच्या गॅलरीत पाणी ओतलं तर ते एका बाजूला वाहिलं असतं की नाही? मोजमाप नाही, कागद नाही, टकटक करून घराला मेलेलं ठरवतो! पण खरं सांगायचं तर त्या पेटीत काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ती पाइपची पेटी समजूनच वावरले होते. मी अम्मांना म्हटलं, मला वेळ द्या, मी पूर्ण घर मोजते. मुलाला त्यांनी फोनवर विचारलं. तो म्हणाला, मूळ घर आत शाबूत आहे असं कुणी कागदावर दाखवलं तर मी विचार करीन. मूळ नकाशे कधीच हरवले होते.

नवऱ्याने संध्याकाळी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आपण तसेही जाणार. घर राहिलं काय, पडलं काय, तू कशाला जीव काढतेस?"

मी म्हटलं, "तो खोटं बोलला म्हणून. सरळ उभ्या असलेल्या घराला पडकं म्हणाला. माझ्यासमोर."

 दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना तो लेझरचा टेप घेऊन आला.

मोजायला एक पक्की जागा लागते, जिथून सगळी मापं धरायची. त्या कापाकापीत दोन्ही मजल्यांतून सरळ वर गेलेली एकच गोष्ट होती, आमच्या देवघराचं धुराडं. मी देवांना नमस्कार केला, कोनाड्याच्या कडेला खडूने खूण केली आणि तिथून सुरुवात केली. मग मी शेजाऱ्यांच्या हात धुऊन मागे लागले. लाहोरवाले म्हणाले, आमचंच घर जाणार आणि तुम्हाला आम्हीच मदत करायची? मी म्हटलं, घर आपलं सगळ्यांचं जाणार आहे, निदान म्हातारीचं राहू दे. त्यांच्या कपड्याच्या कपाटामागे मला जिना सापडला. पायऱ्यांच्या उभ्या बाजूंना हाताने रंगवलेल्या फरशा, दर पायरीला वेगळं फूल, आणि त्यावर मुलांची दप्तरं. पलीकडे केरळची नर्स राहायची, तिच्याकडे कारंजं होतं. चौकावर पत्रा टाकून तिचं स्वयंपाकघर केलेलं आणि कारंज्याच्या आठ पाकळ्यांच्या हौदात कांदे-बटाटे. तिने अट घातली की कांदे मी काढायचे आणि मीच परत भरायचे. भरले. पालखट मांडी घालून हौदाच्या तळाशी बसले तेव्हा कळलं की पाण्याची तांब्याची तोटी तशीच आहे, कांद्याच्या सालांखाली.

दुपारभर मोजायचं आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर चढवायचं. मूळ घर काळ्या रेषांत, नंतरच्या भिंती लाल रेषांत. मुलगी अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "आई, यू लुक हॅपी. इट्स वीअर्ड." ती नेहमी मला बोलते तसंच बोलली, पण मी त्या दिवशी तिला मराठीत बोल म्हणून टोकलं नाही.

कुठे झडपेतून, कुठे पेटीची एक बाजू सोडवून मी सात खांब पाहिले. सातही पायापासून कमानीपर्यंत सलग. राहिला आमचा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्या पेटीवर सिंक, कपाटं, सगळा संसार टांगलेला. ती फोडायची म्हणजे ऐन बोर्डाच्या तोंडावर घरात स्वयंपाकघर उरणार नाही. आणि आत खांब नसेल तर? मग इंजिनीअर बरोबर, मी मूर्ख आणि अम्मा दुबईच्या फ्लॅटमध्ये. दोन दिवस मी त्या पेटीकडे पाहत पोळ्या लाटल्या.

पेटीवर माझी मसाल्याची मांडणी होती, कायमची तिरकी. त्या तिरकेपणावरून मी नवऱ्याला इतकी वर्षं ऐकवत आले होते की तुला चार स्क्रू धड मारता येत नाहीत. पोळी तव्यावर असताना मला आठवलं. तीन भोकं कशीबशी पडली होती, चौथं पाडताना त्याचं ड्रिल अडलं होतं. पलीकडे काहीतरी दगडासारखं आहे म्हणाला होता तो, टोक आत मोडून बसलंय म्हणाला होता, आणि मी म्हटलं होतं की जिप्सममध्ये कसला दगड, कारणं सांगू नकोस. मांडणी तीन स्क्रूंवर लटकली ती लटकली. पोळी करपली. मी बँकेत फोन लावला आणि विचारलं, तुझं ड्रिल मोडलं होतं ते नक्की किती आत? तो मीटिंगमध्ये होता. त्याला वाटलं मी पुन्हा तेच भांडण काढलंय.

शनिवारी सकाळी पेटी फोडली. मुलाला अम्मांनी बोलावून घेतलं. अम्मा खुर्ची घेऊन समोर बसल्या, हातात माळ. आधी मी देव उचलून मुलीच्या टेबलावर ठेवले, धूळ बसेल म्हणून. नवऱ्याने पाइप बंद केला, सिंक सोडवलं, कपाटं उतरवली. मांडणी मीच काढली. मग कटरने पेटीची कड कापली आणि पत्र्यासारखा तो जिप्समचा तुकडा ओढला. पांढरी धूळ हळूहळू खाली बसली. पाइप होता. पाइपमागे, हातभर जागा सोडून नाही, अगदी चिकटून, पांढरा पिळाचा खांब होता, पायापासून वरपर्यंत अख्खा. त्यावर माझ्या मांडणीची चार भोकं.

अम्मा उठल्या आणि खांबाला दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या. मला हुंदका फुटला, तो मी खोकल्यात घालवला.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा मुलगा पुन्हा आला. मी त्याला आधी लाल-काळ्या दोन्ही रेषा दाखवल्या आणि मग लाल रेषा बंद केल्या. एका क्लिकमध्ये सहा घरं गेली. नर्सचा स्वयंपाकाचा ओटा, लाहोरवाल्यांच्या पोरांची खोली, माझ्या लेकीचा कोपरा, माझी ओट्याची जागा. राहिला एक चौक, आठ खांब, आठ कमानी, एक जिना आणि एक धुराडं. इतके दिवस मी ते काळं घर शोधत होते आणि ते इतकं सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि त्यात मी कुठेच नव्हते. हे मला आधीच समजायला हवं होतं.

मुलाने स्क्रीनजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाला, इन्शाल्ला. इथे राहून राहून मला त्या इन्शाल्लाचे सगळे अर्थ पाठ झालेत आणि हा बहुतेक नाही म्हणण्याचा होता. अम्मांनाही तो ओळखीचा असणार. त्या अरबीत एकच वाक्य बोलल्या, मला शब्द कळले नाहीत, सूर कळला. माझ्या आईचाही असाच होता. मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, खलास, खलास, म्हणजे बस, ठरलं. घर राहणार होतं.

पुढचे दोन महिने आम्ही हॉलमध्ये देवांसमोर इंडक्शनवर जेवण केलं. लेकीने परीक्षा दिली, त्या पिळाच्या खांबाला टेकून बसून अभ्यास केला. शाळा संपल्यावर सगळे निघालो. आम्ही शहरात एका इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, सरळ भिंतींचा, कमान नावाला नाही. तो नकाशा घेऊन मी एका कन्सल्टंटच्या ऑफिसात गेले, आणि आता रोज सकाळी डबा घेऊन मीही बाहेर पडते. राग थोडा कमी झालाय असं नवरा म्हणतो. त्याच्या म्हणण्याला मी फारशी किंमत देत नाही.

घराचं काम झाल्यावर अम्मांनी बोलावलं. गेटमधून आत गेले आणि थबकले. पत्रे गेले होते, चौकावर आकाश होतं, कारंज्यात पाणी. जिन्यावरची फुलं धुऊन काढलेली. मी या घराचा इंच न् इंच मोजलेला, रेघ न् रेघ माझ्या हातची, पण माझं स्वयंपाकघर कुठे होतं ते मला सापडेना. एका खांबापाशी गेले, मग दुसऱ्या. सगळे सारखे. इतकी वर्षं पोळ्या लाटल्या ती जागा मला दाखवता येईना, आणि मी तिथे उभी राहून सरळ रडले.

अम्मांनी माझा हात धरला आणि मला एका खांबाशी नेलं. रंगवणारा सगळी भोकं बुजवणार होता, म्हणाल्या, मी म्हटलं या खांबाला हात लावायचा नाही. "इदर तुम्हारा किचन था. मेरे को ऊपर सब खुशबू आता था." पिळाच्या खाचांमध्ये चार भोकं होती, तीन मोकळी. चौथ्यावर मी बोट ठेवलं. आत ड्रिलचं मोडलेलं टोक तसंच होतं.